फ्लरी-दवाँ-द्वोमों: लोकसंख्या शून्य, तरीही गाव. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या ईशान्येला, व्हर्दून शहराजवळ फ्लरी नावाचं एक गाव आहे. सरकारदरबारी ‘कम्यून’ म्हणून त्याची नोंद आहे, त्याला मेअर आहे, त्याचा सांकेतिक क्रमांक आहे. फक्त पहिल्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झाल्यापासून तिथे एकही माणूस राहत नाही. या गावाबद्दल मराठी वाचकांकडून सतत प्रश्न येतात: इतिहास शिकवणाऱ्यांकडून, व्हर्दूनला निघालेल्यांकडून आणि मुख्य म्हणजे ‘शून्य लोकसंख्या’ वाचून चक्रावलेल्यांकडून. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लरी नेमकं कुठे आहे? नाव एवढं लांबलचक का?

म्यूझ जिल्ह्यात, व्हर्दूनपासून ईशान्येला सात-आठ किलोमीटरवर. हा लॉरेनचा भाग, आता ग्राँ एस्त प्रांतात मोडतो. फ्लरी नावाची गावं फ्रान्समध्ये बरीच आहेत, त्यामुळे शेजारच्या द्वोमों गावाचं नाव जोडून ते ओळखलं जातं. इथून पुढे नुसतं ‘फ्लरी’ लिहिलं आहे.

२. ‘कम्यून’ म्हणजे आपली ग्रामपंचायतच ना?

खेड्यापुरतं बोलायचं तर बरंचसं तसंच. पण फ्रान्समध्ये खेडं असो की महानगर, सगळ्यांना कम्यूनच म्हणतात. पॅरिसही कम्यून आणि पन्नास घरांचं गावही कम्यून. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, १७८९ मध्ये, जुन्या धर्मग्रामांच्या (एकेका चर्चच्या अखत्यारीतल्या वस्त्यांच्या) हद्दींवर ही व्यवस्था उभी राहिली आणि त्यातल्या बहुतेक हद्दी आजही तशाच आहेत. म्हणून संख्या इतकी मोठी: देशभरात सुमारे ३५ हजार कम्यून. त्यातली बहुसंख्य हजाराच्या आतल्या वस्तीची आहेत.

प्रत्येक कम्यूनला निवडून आलेलं मंडळ असतं आणि ते आपल्यातून मेअर निवडतं. मुदत सहा वर्षांची. शंभराच्या आतल्या वस्तीच्या गावात कायद्यानं सात सदस्य. मेअर एकीकडे गावचा प्रतिनिधी आणि दुसरीकडे सरकारचाही. जन्म, मृत्यू, विवाह यांची नोंद तोच करतो, लग्नही तोच लावतो. म्हणजे सरपंच आणि निबंधक एकाच माणसात, असं समजलं तरी फारसं चुकणार नाही.

३. लोकसंख्या शून्य म्हणजे अगदी शून्य? की नोंदणीतली चूक?

अगदी शून्य. चूक नाही.

फ्रान्सची जनगणना इन्से ही राष्ट्रीय सांख्यिकी संस्था करते. दहा हजारांच्या आतल्या कम्यूनमध्ये दर पाच वर्षांनी घरोघर जाऊन मोजणी होते. फ्लरीत जायला घरच नाही, त्यामुळे तिथे मोजायला काही उरत नाही. तरीही प्रसिद्ध होणाऱ्या यादीत फ्लरीची ओळ असते: क्रमांक ५५१८९ (पहिले ५५ म्हणजे म्यूझ जिल्हा) आणि पुढे शून्य. यादीतून नाव काढून टाकणं सोपं होतं. ते काढायचं नाही, हा फ्रान्सनं समजून-उमजून घेतलेला निर्णय आहे. त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये.

४. युद्धाआधी गाव कसं होतं? तिथे कोण राहायचं?

४२२ माणसं. बहुतेक शेतकरी, काही जंगलावर पोट असलेले. शाळा, चर्च, गावचं कार्यालय, लोहार, किराणा आणि कॅफे एकाच छपराखाली, कपडे धुण्याची सार्वजनिक जागा. व्हर्दूनहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचं स्टेशनही गावाला होतं.

लॉरेनमधल्या खेड्यांची ठेवण ठरलेली असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं. घरात माणसं, गुरं आणि गवताचा माळा असं सगळं एका छपराखाली. घर आणि रस्ता यांच्यामध्ये रुंद मोकळी पट्टी, तिथे सरपणाची रास, शेणखताचा ढीग, गाडी, नांगर. ही पट्टी सगळ्यांच्या वहिवाटीची. फ्लरी या ठेवणीला अपवाद असण्याचं कारण नव्हतं. परक्या माणसानं तिथे मुद्दाम जावं असं त्यात काही नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नाव इतिहासात जावं अशी कुठली इच्छा या गावानं कधी बाळगली नव्हती.

गावाच्या नशिबी जे आलं त्याचं मूळ मात्र आसपासच्या टेकड्यांवर होतं. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि जर्मन सरहद्द पश्चिमेला सरकली. मग व्हर्दूनभोवती किल्ल्यांचं कडं उभारण्यात आलं. त्यातला सगळ्यात मोठा द्वोमोंचा किल्ला, बांधकाम १८८५ मध्ये सुरू झालेलं. फ्लरी या किल्ल्यांच्या मधोमध होतं. शांततेच्या काळात त्याचं काही वाटलं नसेल. १९१६ मध्ये तेच मधोमध असणं भोवलं.

५. १९१६ मध्ये तिथे काय घडलं?

२१ फेब्रुवारी १९१६ च्या पहाटे जर्मन तोफा सुरू झाल्या. त्याच दिवशी फ्लरी रिकामं करण्यात आलं. चार दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, द्वोमोंचा किल्ला जर्मनांच्या हाती पडला. ७ जूनला व्होचा किल्ला गेला. आता व्हर्दून आणि जर्मन सैन्य यांच्यामध्ये जे थोडं उरलं होतं, त्यात फ्लरीचा टेकाड होता.

२३ जूनला जर्मनांनी विषारी फॉस्जीन वायूचे गोळे टाकत मोठा हल्ला चढवला. बव्हेरियन पलटणी गावात घुसल्या. तिथून ऑगस्टपर्यंत फ्लरी सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. ‘गाव घेतलं’, ‘गाव गेलं’ असं बातम्यांत येत राहिलं, पण जुलैपर्यंत घ्यायला किंवा गमवायला गाव उरलेलंच नव्हतं. विटांची भुकटी मातीत मिसळलेली, तळघरांचे खड्डे आणि त्यांत माणसं. १८ ऑगस्टला मोरोक्कोच्या वसाहती पायदळ रेजिमेंटनं, म्हणजे फ्रेंच सैन्यानं, ती जागा शेवटची जिंकून घेतली.

संपूर्ण लढाई १८ डिसेंबरपर्यंत चालली, म्हणजे जवळपास दहा महिने. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले. आघाडी जिथे होती, जवळपास तिथेच राहिली.

६. म्हणजे गावकरी मारले गेले?

हा सगळ्यात जास्त होणारा गैरसमज आहे. नाही. गाव मेलं, पण गावकरी बाहेर पडले होते. वर म्हटल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी गाव रिकामं झालं. बर्फाच्या दिवसांत, जे हाताशी येईल ते घेऊन, आपण लवकरच परतणार या समजुतीनं लोक निघाले. पुढे ते निर्वासित म्हणून फ्रान्सभर विखुरले.

गावचे तरुण मात्र सैन्यात होतेच आणि त्यांच्यापैकी काही मेले. फ्लरीच्या जागेवर त्यांचं स्मारक आहे. फ्रान्समधल्या जवळपास प्रत्येक कम्यूनमध्ये असं स्मारक असतं, बहुतेक १९२० नंतरच्या काही वर्षांत उभारलेलं. एरवी ते चर्चच्या किंवा कार्यालयाच्या समोर असतं. इथे समोर फक्त झाडं आहेत.

७. मग युद्धानंतर गाव पुन्हा का बांधलं नाही? लोकांना परतायचं नव्हतं का?

अनेकांना परतायचं होतं. परतण्याजोगी जमीन राहिली नव्हती.

युद्धानंतर सरकारनं नुकसानीच्या प्रमाणात भूभागांची प्रतवारी केली. जिथे जमीन दुरुस्त करण्याचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त होता, तो भाग ‘तांबडा पट्टा’ ठरला. उत्तर आणि ईशान्य फ्रान्समध्ये मिळून सुरुवातीला असे सुमारे १,२०० चौरस किलोमीटर. पुढे त्यातला बराच भाग शेतकऱ्यांनी परत नांगराखाली आणला, पण व्हर्दूनच्या टेकड्या त्यात बसत नव्हत्या. वरचा सुपीक थर उडून गेलेला, खालचा चुनखडक वर आलेला, त्यात न फुटलेले तोफगोळे, वायूचे गोळे, तारा, शिसं आणि हजारो प्रेतं. १७ एप्रिल १९१९ च्या युद्ध-नुकसानभरपाई कायद्यानं मालकांना भरपाई मिळाली, सरकारनं जमिनी विकत घेतल्या आणि पुढे तिथे जंगल लावलं. आज व्हर्दूनचं जे दाट सरकारी जंगल दिसतं, ते या लागवडीतून झालेलं आहे. त्यातल्या काळ्या पाइनची पहिली रोपं जर्मनी-ऑस्ट्रियाकडून युद्धभरपाईपोटी आली.

आपलं घर, परसू, विहीर, बापजाद्यांची शेतं यांच्या बदल्यात रोकड घेऊन दुसऱ्या गावात नव्यानं सुरुवात करायची, हा सौदा त्या ४२२ जणांनी मनापासून केला असेल असं मला वाटत नाही. पण दुसरा मार्ग त्यांच्यापुढे ठेवलेला नव्हता.

८. गावात कोणी नाही, मतदार नाहीत, तर मेअर कुठून आला?

नेमणुकीनं. १८ ऑक्टोबर १९१९ चा एक खास कायदा आहे. त्यानुसार अशा उद्ध्वस्त कम्यूनला एक नगर-समिती आणि तिचा अध्यक्ष देण्यात आला आणि अध्यक्षाला मेअरचे अधिकार मिळाले. समितीत तीन जण असतात. त्यांना प्रीफे, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, नेमतो. देशभर कम्यूनच्या निवडणुका होतात, तेव्हा या गावांत मतदान नसतं.

नेमले जाणारे अनेकदा जुन्या गावकऱ्यांचे वंशज असतात. पणजोबांचं घर गावच्या नकाशात कुठे होतं हे ज्यांच्या घरात सांगत आले आहेत, असे लोक.

या गावांना ‘फ्रान्ससाठी मरण पावलेली गावं’ असा दर्जा मिळाला. हे शब्द रणांगणावर मेलेल्या सैनिकाच्या नोंदीपुढे लिहितात. तेच गावाच्या नावापुढे लावले, शिवाय युद्धपदकही दिलं. गावाचा माणसासारखा सन्मान केला आणि माणसासारखंच त्याचं नाव पुसायचं नाही असं ठरवलं. कम्यून शेजारच्या गावात विलीन केली असती, तर दोन पिढ्यांत नकाशावरून नाव गेलं असतं. आज जे टिकून आहे, ते या कायद्यामुळे.

९. एवढा खटाटोप कशासाठी? रिकाम्या गावाच्या मेअरला काम तरी काय?

बरंच असतं. जुन्या रस्त्यांच्या खुणा, पायवाटा, प्रार्थनास्थळ आणि स्मारक यांची देखभाल. वार्षिक स्मृतिसोहळा. त्या दिवशी वंशज आणि आसपासचे लोक जमतात. देशभरातून आणि परदेशातून येणाऱ्या चौकश्यांना उत्तरं: ‘माझे पणजोबा इथे पडले, जागा दाखवाल का?’ जंगल खात्याशी, लष्कराशी, स्मारकांच्या संस्थांशी सतत पत्रव्यवहार. सैनिकांचे अवशेष सापडले, तर तेही याच हद्दीत (प्रश्न १४). कार्यालयाची इमारत गावात नाही, म्हणून कागदपत्रं बाहेर सांभाळावी लागतात.

१०. आपल्याकडच्या धरणात गेलेल्या गावांसारखंच आहे का हे?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. उजनीच्या पाण्यात गेलेल्या पळसदेवचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. जमीन गेली, घरं गेली, भरपाईवरून माणसं झिजली. इथपर्यंत दुःख सारखंच.

फरक नावाचा आहे. आपल्याकडे गावठाण हललं की नाव माणसांबरोबर जातं. पळसदेव आजही नांदतं गाव आहे, फक्त जागा वेगळी. फ्लरीची माणसं एकत्र कुठे वसवली गेली नाहीत. ती पांगली आणि नाव मात्र मूळ जागेवरच राहिलं. त्यामुळे पळसदेवच्या माणसाला ‘आमचं गाव’ म्हणताना दोन जागा आठवतात, फ्लरीच्या वंशजाला एकच. तिथे तो राहू शकत नाही.

११. असं एकच गाव आहे का?

नाही. व्हर्दूनच्या लढाईत नऊ गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली: बोमों, बेझोंव्हो, क्यूमिएर, द्वोमों, फ्लरी, ओमों, लूव्हमों, ऑर्न आणि व्हो. यांपैकी सहा आजही शून्य लोकसंख्येची स्वतंत्र कम्यून आहेत: बोमों, बेझोंव्हो, क्यूमिएर, फ्लरी, ओमों, लूव्हमों.

उरलेल्या तिघांची गोष्ट थोडी वेगळी. व्हो जवळच पुन्हा बांधलं गेलं. द्वोमोंमध्येही थोडी वस्ती राहिली. १ जानेवारी २०१९ पासून या दोन कम्यून एकत्र होऊन ‘द्वोमों-व्हो’ झाल्या आहेत, म्हणून जुन्या आणि नव्या याद्यांत नावं जुळत नाहीत. ऑर्नमध्ये मोजकी माणसं राहतात.

युद्धाच्या इतर आघाड्यांवरही गावं कायमची गेली, पण बहुतेक ठिकाणी त्यांची कम्यून शेजारच्या गावात विलीन झाली. स्वतंत्र अस्तित्व आणि शून्य लोकसंख्या हा योग या सहांचाच.

१२. फ्रान्समध्ये एकच माणूस असलेलंही गाव आहे म्हणे. तिथेही मेअर नेमतात का?

दक्षिणेकडे द्रोम जिल्ह्यात रोशफुर्शा नावाची कम्यून आहे. जनगणनेत तिची लोकसंख्या बराच काळ एक नोंदली गेली आहे. पण तिथे नेमणूक नसते, निवडणूक होते. फ्रेंच कायद्यात कायम वास्तव्य नसलेला माणूसही, जर तो त्या गावात स्थानिक कर भरत असेल तर, तिथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो. सुटीत येणारे, वडिलोपार्जित घर राखलेले लोक असे मतदार होतात आणि मंडळ उभं राहतं.

फ्लरीत कर लागेल असं खासगी घरच नाही. म्हणून ‘एक’ आणि ‘शून्य’ यांच्यातला फरक आकड्यात एकाचा असला, तरी कायद्यात खूप मोठा आहे. रोशफुर्शा ओस पडलं ते डोंगराळ भागातून माणसं हळूहळू उतरून गेल्यामुळे, एका दिवसात नाही.

१३. युद्ध झालंच नसतं, तरी हे गाव ओस पडलं नसतं का?

लहान झालं असतं, हे जवळपास नक्की. म्यूझ जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ३ लाख २८ हजार होती. १९११ पर्यंत, म्हणजे युद्धाआधीच, ती २ लाख ७८ हजारांच्या आसपास आली होती. शेतीत यंत्रं आली, लोखंडाच्या खाणी आणि कारखाने शेजारच्या जिल्ह्यांत निघाले, मुलं तिकडे गेली. १९२१ मध्ये आकडा दोन लाख सात हजारांवर आला. दहा वर्षांत सत्तर हजारांची घट. एवढ्या मोठ्या कोसळण्यामागे युद्धाशिवाय दुसरं कारण नाही. आज जिल्ह्यात पावणेदोन लाखांच्या थोडं वर माणसं आहेत.

तेव्हा फ्लरी आज असतं, तर कदाचित शे-सव्वाशे वस्तीचं गाव असतं. शाळा बंद, किराणा बंद, कामासाठी सगळे व्हर्दूनला जाणारे. म्यूझमध्ये अशी गावं पुष्कळ आहेत. पण हळूहळू विरळ होणाऱ्या गावात म्हातारी माणसं असतात, दारं-खिडक्या असतात, कोणीतरी शहरातून परत येण्याची शक्यता असते. म्हणून ‘नाहीतरी ओसच पडलं असतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

१४. अजूनही सैनिकांचे अवशेष सापडतात का?

हो. २०१३ मध्ये फ्लरीच्या जागेवरच २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. मनगटावरच्या किंवा गळ्यातल्या ओळखपट्टीवरून त्यांतल्या सात जणांची नावं कळली. शंभर वर्षं ‘बेपत्ता’ म्हणून नोंद असलेल्या माणसाच्या घरी, नातवंडा-पणतवंडांना, ही बातमी पोचते. अवशेष नंतर जवळच्या राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानानं ठेवले जातात.

तोफगोळ्यांचंही तसंच. जंगलात काम करताना ते आजही निघतात आणि सरकारी बॉम्बशोधक पथक ते उचलून नेतं.

१५. लोकसंख्या शून्य, मग तिथे हजारो कबरी आहेत असं वाचलं ते काय?

दोन्ही खरं आहे. फ्लरी आणि द्वोमोंच्या हद्दीवर १६,१४२ कबरींची राष्ट्रीय दफनभूमी आहे. लोक तिला द्वोमोंची म्हणून ओळखतात, पण अधिकृत नावात फ्लरी आहे. तिच्यात मुस्लिम सैनिकांच्या ५९२ कबरी असून त्या मक्केच्या दिशेनं आहेत. वरच्या अंगाला द्वोमोंचं अस्थिस्मारक, उद्घाटन ७ ऑगस्ट १९३२. त्यात सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र. कुठली कुणाची हे सांगता येत नव्हतं, म्हणून वेगळ्या केल्या नाहीत. याच जागी २२ सप्टेंबर १९८४ ला फ्रान्सचे अध्यक्ष मितेराँ आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल हातात हात घेऊन उभे राहिले.

जनगणना जिवंतांची होते, म्हणून आकडा शून्यच राहतो.

१६. फ्रेंचांनी आपल्याच अधिकाऱ्यांना फ्लरीत गोळ्या घातल्या, हे खरं का?

खरं आहे. एर्दुआँ आणि मियाँ हे दोन सेकंड लेफ्टनंट ३४७ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होते. तुकडी जवळपास नष्ट झाल्यावर उरलेली मोजकी माणसं घेऊन ते मागे आले. ११ जून १९१६ ला, खटला न चालवता, फ्लरीजवळ त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एर्दुआँच्या पत्नीनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९२६ मध्ये दोघांनाही निर्दोष मानून ‘फ्रान्ससाठी मरण पावले’ ही नोंद मिळाली. त्यांच्या स्मृतीचा फलक फ्लरीत आहे. गावाच्या फेरीत तो चुकवू नका. मोठ्या स्मारकांइतकीच ही गोष्टही या जागेची आहे.

१७. व्हर्दूनला आपले मराठे लढले होते का?

नाही. भारतीय पायदळाच्या तुकड्या १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात नेण्यात आल्या. व्हर्दूनची लढाई त्यानंतर सुरू झाली आणि ती मुळात फ्रेंच-जर्मन लढाई होती. त्या दिवसांत मराठा पलटणी (१०३ वी, ११० वी, ११७ वी) आजच्या इराकमध्ये कूतच्या वेढ्यात उपाशी लढत होत्या. कूत पडलं २९ एप्रिल १९१६ ला. इकडे फ्लरीचा चेंदामेंदा व्हायला अजून दोन महिने होते.

भारतीय सैनिकांचं फ्रान्समधलं मुख्य स्मारक व्हर्दूनला नाही, उत्तरेला न्यूव्ह-शापेलला आहे. १९२७ मध्ये उभारलेलं, बेपत्ता राहिलेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावं असलेलं. आणि एक बारकावा: नाव न्यूव्ह-शापेलचं असलं, तरी स्मारकाची जागा शेजारच्या रिशबूर कम्यूनच्या हद्दीत येते. पत्ता शोधताना लोक यात हमखास चुकतात.

फ्रान्सच्या गावोगावच्या स्मारकांसारखं काही आपल्याकडे बघायचं असेल, तर साताऱ्याजवळ अपशिंगे (मिलिटरी) गावी जा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले.

१८. आज तिथे गेलं तर काय दिसतं?

पहिल्यांदा वाटतं, काहीच नाही. झाडं, गवत आणि खालीवर झालेली जमीन. सपाट जागा हातभरही नाही, एका खड्ड्याची कड संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. मग पायवाटेच्या कडेला खुणेच्या पाट्या दिसू लागतात. इथे शेतकऱ्याचं घर, इथे लोहार, इथे किराणा आणि कॅफे, इथे शाळा. पाटीमागे बघावं तर शेवाळ चढलेला खड्डा. पायवाटा जुन्या रस्त्यांवरूनच आखल्या आहेत, त्यामुळे चालता चालता गावाचा आकार डोक्यात तयार होतो: हे घर त्या घराच्या समोर, शाळेतून स्टेशन एवढ्या अंतरावर. घाईनं बघण्याची ही जागा नाही. लोहाराच्या खड्ड्यासमोर थोडं थांबा.

जुन्या चर्चच्या जागी छोटं प्रार्थनास्थळ आहे. स्टेशन होतं तिथे व्हर्दूनचं युद्धसंग्रहालय आहे. ते १९६७ मध्ये सुरू झालं आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०१६ मध्ये, लढाईच्या शताब्दीला, पुन्हा उघडलं. आधी संग्रहालय आणि मग गाव, असा क्रम ठेवा.

१९. संग्रहालय फ्लरीत आहे, तिथले कर्मचारी फ्लरीचे रहिवासी नाहीत का?

नाहीत. जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, जिथे काम करतो तिथे नाही. कर्मचारी संध्याकाळी व्हर्दूनला किंवा आसपासच्या गावांत घरी जातात. संग्रहालयाचा टपालाचा पत्ता मात्र फ्लरीचाच आहे, व्हर्दूनच्या ५५१०० या पिनकोडसह. शून्य वस्तीच्या गावाच्या नावानं रोज पत्रं येतात ती अशी.

२०. मला तिथे घर बांधून राहायचं असेल तर?

व्यवहारात अशक्य. जमीन सरकारी जंगलाची आणि स्मृतिस्थळाची आहे, खाली स्फोटकं आहेत, मातीत जड धातू आहेत आणि माणसंही आहेत.

२१. कसं जायचं? काय पाळायचं?

पॅरिसच्या पूर्व स्टेशनवरून वेगवान गाडीनं ‘म्यूझ’ स्टेशनवर उतरता येतं, प्रवास तासाभराचा. तिथून व्हर्दूनला बस असते. व्हर्दून ते फ्लरी मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी सोयीची, कारण संग्रहालय, गाव, अस्थिस्मारक, दफनभूमी आणि द्वोमोंचा किल्ला हे सगळं काही किलोमीटरांत विखुरलं आहे. पूर्ण दिवस ठेवा. चिखलात चालतील असे बूट घाला.

आखलेली पायवाट सोडू नका. धातुशोधक यंत्र नेणं, जमीन उकरणं, गंजलेली काडतुसं किंवा लोखंडाचे तुकडे खिशात घालणं हे गुन्हे आहेत आणि धोक्याचेही. जमिनीवर काही संशयास्पद दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि संग्रहालयात कळवा. मुलं बरोबर असतील तर हे आधीच, गाडीतून उतरण्यापूर्वी, समजावून सांगा.